जास्तीचे ठोकळे

अशोक,

कॉलनीच्या वाचनालयाची माणसं दोनदा येऊन गेली. त्यांना अंकासाठी तुझ्यावर लेख हवा आहे. "तुम्ही त्यांचे मेव्हणे, कारखान्यातही बरोबर. तुमच्याइतकं कोण लिहिणार?" म्हणाले. मी त्यांना एक पान लिहून दिलंय. त्यात तू मनमिळाऊ आहेस, हरहुन्नरी आहेस, आणि तुझ्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. सोबत फोटो दिला, तो कुणाच्या तरी लग्नातला, कोट घातलेला, ज्यात तू मुलीकडचा की मुलाकडचा तेच कळत नाही. ते पान त्यांचं झालं. हे तुझं. हे मी कोणाला दाखवणार नाही, वंदनाला तर मुळीच नाही, माझी बहीण असली तरी.

तर ऐक. मी तुझ्यावर चिडलोय. तू गेलास त्या दिवशी चिडलो होतो, आजही आहे, आणि राग उतरेल असं काही लक्षण दिसत नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण जिवंत होतास तेव्हा रागावलो तर तू हसायचास. आता निदान हसणार तरी नाहीस.

तुझ्या जलदान विधीला हॉल भरला होता. भन्तेजी गाथा म्हणत होते आणि वंदना तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत होती. पेला भरला, पाणी ताटात सांडायला लागलं, तशी तिने मान फिरवली. तिला पाण्याकडे बघवत नव्हतं. प्रज्ञाने आईचा हात धरला म्हणून तेवढं पार पडलं. मग भाषणं. युनियनचे जुने पुढारी उठले आणि म्हणाले, "पाण्यावर प्रेम करणारा हा माणूस पाण्यातच विलीन झाला." लोकांनी माना डोलावल्या. अरे, तू कारखान्यात क्रेनखाली सापडला असतास तर 'क्रेनवर प्रेम करणारा माणूस' म्हणाले असते का? दुसऱ्याने तुझ्या छंदाला सलाम केला. तिसरा म्हणाला, वळवाच्या वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतं, वेळ भरली होती. मग मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, "जयभीम" म्हणालो आणि खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, कंठ दाटून आला. कंठ बिंठ काही दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर आलं असतं, एवढंच.

मुळात तुझा आणि पाण्याचा संबंध काय रे? मनमाडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेला तू. तिथे गाडी कधी येईल हे सांगता येतं, नळाला पाणी कधी येईल हे कोणाला सांगता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नाशिकरोडच्या घरात तू ड्रम भरून ठेवायचास, वंदना ते शिळं पाणी झाडांना घालायची, आणि तुमचं भांडण निकालासाठी माझ्याकडे यायचं. पोहायलासुद्धा तू चाळिशीत शिकलास, प्रज्ञाला शिकवायच्या निमित्ताने. असा माणूस रिटायर झाल्यावर उरणकडे एका लग्नाला जातो काय, खाडीच्या चिखलात आडवी पडलेली शिडाची बोट बघतो काय, आणि जेवणाच्या पंगतीतून उठून तिच्यापाशी जातो काय. पोलादी बोट. कोणी परदेशी जोडपं सोडून गेलेलं, मग या हातातून त्या हातात फिरत शेवटी भंगाराच्या वाटेला लागलेली. तू तिच्या अंगावर बोटांच्या पेरांनी ठोकत फिरलास आणि मला फोन केलास. "इन्स्पेक्टर, गंज वरवरचा आहे. पत्रा आतून अजून वाजतोय."

मला तू उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नाहीस. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तू पत्रेकाम करायचास आणि मी तुझं काम तपासायचो, म्हणून मी इन्स्पेक्टर. माझ्या बहिणीशी तुझं लग्न मीच जमवलं, तरी इन्स्पेक्टरच. "आता तरी माझे पार्ट सोडशील ना?" असं साखरपुड्यात विचारलं होतंस. हळद उतरायच्या आत मी तुझा एक पार्ट परत पाठवला. तुझ्या हाताबद्दल मला कधी शंका नव्हती. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचास आणि जिथे थांबायचास तिथे खरोखरच पोचा असायचा. पण नियम तो नियम. ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही, मग तो कितीही मोठा कारागीर असो. तपासणारा वेगळा. आणि तपासणाऱ्याने लाल टॅग बांधला की दुरुस्ती होईपर्यंत तो पार्ट साहेबानेही हलवायचा नाही. तू मला शिव्या घालायचास, चहा बंद करायचास, वंदनाकडे चुगल्या करायचास. पण सगळ्या नोकरीत टॅग कधी स्वतःच्या हाताने सोडला नाहीस.

बोट ट्रेलरवर घालून कसारा घाट चढलो, ते आठवतं का? घाटावर चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "काय साहेब, नाशिकला समुद्र आला का?" तू म्हणालास, "येतोय, मागून." टपरीवाल्याने तुझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. बोट रंगनाथच्या शेडमध्ये ठेवायची असं ठरलं होतं. रंगनाथची द्राक्षं गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून, आणि त्याचं जुनं पॅकिंगचं शेड रिकामं पडलेलं. "ठेवा ना सायेब, तसंबी ते रिकामंच हे," म्हणाला आणि बोट शेडमध्ये शिरल्यावर तिच्याभोवती एक चक्कर मारून विचारलं, "ही तरंगती का पन?" आपण दोघं एकदमच म्हणालो, "तरंगेल."

खरं सांगायचं तर मला त्या बोटीत काडीचा रस नव्हता. त्या थंडीत माझी बायको, लता, गेली होती. घरात मी आणि तिची औषधांची पिशवी, दोघंच. ती पिशवी टाकून द्यायला हात होत नव्हता. लोक यायचे, धीर धरा म्हणायचे, बिस्किटं ठेवून जायचे. तू आलास तो सरळ आत गेलास. कपाटातून माझी जुनी खाकी पँट काढून माझ्या अंगावर फेकलीस आणि म्हणालास, "गंज काढायचाय. चल." मी नाही म्हणालो तर दारातच बसून राहिलास. त्या दिवशी शेडमध्ये गेल्यावर तू माझ्या हातात चिपिंगचा हातोडा दिलास आणि बोटीची एक बाजू माझी, एक तुझी, असं ठरवून टाकलंस. मी दिवसभर ठोकत होतो. गंजाचे पापुद्रे डोळ्यात, दाढीत, डब्यातल्या भाकरीवर. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली तर पाणी लाल. आणि त्या रात्री मला झोप लागली.

हे मी तुला कधी बोललो नाही. आता बोलतोय. मला त्या घरातून तू बाहेर काढलंस. लोकांची बिस्किटं मुंग्यांनी खाल्ली, तुझा हातोडा माझ्या हातात राहिला. त्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी राहिलो असतो, आणि तुला हा असा जन्म संपवायची घाई.

दोन हिवाळे आपण तिथे काढले. पातळ झालेला पत्रा कापायचा, नवा बसवायचा, जोडायचा. वेल्डिंगने पत्रा तापून वाकडा होतो म्हणून तू एक टाका इकडे, एक टाका पार तिकडे, असं करायचास, आणि मधल्या वेळात आपण बांधावर बसून रंगनाथच्या घरची शेवभाजी खायचो. तुझी घाई मला माहीत होती, पण पत्र्यापुढे तुझ्याएवढा सोशिक माणूस नाही. शिडाची नवी कापडं प्रज्ञाने पुण्याहून शोधून आणली. सुट्टीला आली की ती रंगाला बसायची आणि तुझ्यापेक्षा जास्त रंग स्वतःला लावून घ्यायची. बोटीला वंदनाचं नाव द्यायचं तुझ्या मनात होतं. वंदना म्हणाली, "माझं नाव नको लोखंडावर. गंजलं की मला टोमणे माराल." तू रुसलास आणि बोट बिननावाची राहिली. त्या दिवसांत मला वाटायचं, चला, म्हातारपण असं गेलं तर काय वाईट. मूर्खासारखं वाटायचं.

मग आपली जुनी खोड वर आली. 'आपली' म्हणतोय, बघ. आपल्या खात्यात वजन म्हणजे शत्रू. एखाद्या पट्टीला भोकं पाडून ती हलकी केली आणि ताकद राखली, की पाठीवर थाप पडायची. तू ते घरीही करायचास. वंदनाच्या भांड्यांच्या मांडणीला तू ओळीने भोकं पाडलीस, एका मापाची, कडा घासून गुळगुळीत. त्यातून चमचे खाली पडायचे म्हणून ती तुझ्या नावाने ओरडायची. बोटीतले लाकडी बाक काढून तू ॲल्युमिनियमचे केलेस, कपाटांच्या आधारांना भोकं पाडलीस, नांगराची जुनी साखळी काढलीस. ती भोकं मीच मापली आणि मीच पास केली. वरचं वजन कमी झालेलं बोटीला चांगलंच असतं. तिथवर आपलं एकमत होतं.

भांडण तळाशी झालं. तळात लोखंडाचे ठोकळे होते, सिमेंटमध्ये बसवलेले. त्यांच्या खालचा पत्रा बघायचा तर ते काढणं भाग होतं, आणि काढले ते बरंच झालं, कारण खालचा पत्रा पापडासारखा झाला होता. तो बदलला, रंगवला. ठोकळे शेडच्या कोपऱ्यात रचले. बोट देताना उरणच्या मालकाने बजावलं होतं की तळातलं लोखंड काढाल तर आठवणीने सगळं परत ठेवा. तू अर्धेच ठेवलेस. बाकीच्यांवर ताडपत्री टाकलीस.

"धरणात लाटा कुठे आहेत रे? ते समुद्रासाठी होतं," तू म्हणालास.

"वजन लाटांसाठी नसतं. वाऱ्यासाठी असतं."

"अर्धं आहे ना! आणि खोल बसली तर काठाच्या गाळात रुतेल. आता बघ कशी तरंगते."

"तरंगतं काय, रिकामं पिंपही. शीड भरलं की ती कलणार. तिला परत उभं कोण करणार? तू?"

तळाशी माती भरलेली बाहुली लहान मुलं पाडतात आणि ती आपली उठून बसते, हे तुला मी समजावून सांगितलं. तुला! पत्र्याचा हा कोपरा दाबला तर तो कोपरा कसा उचलला जाईल हे स्वप्नातही सांगणाऱ्या माणसाला! पालथ्या घड्यावर पाणी. वजन कमी करून बक्षिसं मिळवलेला हात तो. फुकटचं लोखंड पुन्हा आत भरायचं हे त्याला पटेना. दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती, अशोक. कोळ्याने केली नसती, लोहाराने केली नसती. ती फक्त विमानवाल्याने करावी.

त्या गुरुवारी रंगनाथच्या ट्रॅक्टरने बोट पाण्यात उतरवली. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, डोलकाठीची दोरी धरली आणि ओढली. बोट माझ्याकडे कलली. दोरी सोडली तर ती तिथेच रेंगाळली, जणू विचार करते आहे, आणि मग सावकाश उठली. मी पुन्हा ओढली. पुन्हा तसंच. तुला दाखवलं. तू म्हणालास, "उठली ना?" मी म्हणालो, "उशिरा उठली." मग मी पिशवीतून लाल पुठ्ठ्याचा तुकडा काढला. दोरी ओवून घरूनच आणला होता, कारण मला तू माहीत होतास. त्यावर लिहिलं होतं, 'वजन अपुरं. हलवू नये.' तो सुकाणूच्या दांड्याला बांधला. रविवारी सगळ्यांना घेऊन जायचं ठरलेलं, वंदना, प्रज्ञा, मी. तोवर सगळे ठोकळे आत गेलेले हवेत, नाहीतर मी येणार नाही आणि त्या दोघींनाही येऊ देणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

तू टॅगकडे बघून हसलास आणि म्हणालास, "इन्स्पेक्टर, तू रिटायर झालास. आता तुझ्या सहीवाचून कोणाचं अडत नाही."

हे तुझे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. इतक्या वर्षांच्या मैत्रीला शोभतील असे शब्द निवडलेस. मी चपला घातल्या आणि बसने घरी आलो.

शनिवारी मी वणीला होतो, एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी साखरपुड्याला. फोन आला तेव्हा माझ्या हातात पेढा होता. पुढचं मला रंगनाथने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण तो मधेच थांबून डोळे पुसत होता. "सायेब एकलेच आले. म्या म्हनलं, इन्स्पेक्टर सायेब कुटंय? म्हनले, त्याला उद्या दाखवायचं, आज नुसती ट्रायल. लय खुशीत व्हते. दोन-तीन फेऱ्या झाल्या, झ्याक चालली व्हती. मंग तिरंबकाकडनं धुळीचा लोटच आला. शीड भरलं अन् बोट गपकन आडवी. म्या काठावं उभा. म्हनलं आता उठंल, मंग उठंल." इथे तो थांबला. "उठलीच नाय."

दीड पुरुष पाणी होतं. उन्हाळ्यात धरण एवढं आटतं. शिडाचं कापड तुझ्या अंगावर आलं, दोऱ्या पायात गुंतल्या. पोहता येत असून उपयोग झाला नाही. लोकांनी उड्या टाकल्या तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोलिसांनी वारा लिहिला, पेपरवाल्यांनी वारा लिहिला, भाषणांत सगळे वारा वारा करत होते. वारा होताच. नाही कोण म्हणतंय?

मी शेडमध्ये गेलो तेव्हा तो लाल टॅग खिळ्याला टांगलेला होता. तू तो फाडला नव्हतास, फेकलाही नव्हतास. माझी गाठ नीट सोडवून, दोरी सरळ करून टांगला होतास. रविवारी मी यायच्या आत परत बांधून ठेवणार होतास? की माझ्या हातात देऊन म्हणणार होतास, घे, काढ आता, चालवून आणली? मी हे रोज विचारतो तुला, सकाळी दात घासताना, भाजी निवडताना. पहिलं असेल तर तुला मनातून माहीत होतं की मी बरोबर आहे. दुसरं असेल तर नव्हतं माहीत. मला यातलं कुठलंच सहन होत नाही. टॅग मी रंगनाथच्या चुलीत घातला.

माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. हेच तर सगळ्यात वाईट आहे. चुकलं असतं तर रडून मोकळा झालो असतो, माफी मागितली असती. मी बरोबर होतो, आणि त्या बरोबर असण्याचं आता काय करू? लोणचं घालू? सगळी नोकरी मी या समजुतीत काढली की खोट वेळेवर दाखवली की माणूस वाचतो. तुला वेळेवर दाखवली. लिहून दाखवली. दोरीला बांधून दाखवली.

आणि आता खरं ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

परवा वंदना म्हणाली, "दादा, मला बोट बघायचीय." तिला घेऊन गेलो, प्रज्ञाही आली. ट्रॅक्टरने बाहेर ओढून बोट पुन्हा शेडमध्ये ठेवली आहे. एका अंगाला गाळ वाळलाय, बाकी तिला खरचटलंसुद्धा नाही. वंदना तिच्याजवळ बराच वेळ उभी होती. तू बसवलेल्या पत्र्यावरून तिने हात फिरवला, जोड कुठे आहे ते शोधत, आणि तिला सापडला नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी हे नुसते घरात घिरट्या घालत होते. मीच वैतागून म्हटलं, जा एकदाचे तुमच्या बोटीकडे. मीच पाठवलं रे." प्रज्ञा म्हणाली, "आई, नको ना." वंदना बोटीच्या मागे गेली, तिथे कोपऱ्यात ताडपत्री होती. तिने ती उचलली.

"दादा, हे कसले ठोकळे?"

मी बोटीवरचा वाळलेला गाळ नखाने खरवडत राहिलो.

"बोटीतले आहेत का? यांनी काही चूक केली होती का? तू तपासली होतीस ना बोट? खरं सांग, तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस."

ते खरंच होतं. आमचे वडील वाचणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही मी तिला तसंच सांगितलं होतं. तिला माझी ही सवय आवडत नाही, पण त्याच सवयीवर ती टेकून उभी राहते. मी तिच्याकडे बघितलं. किती वाळली आहे तुझ्यामागे. वारा होता असं मी म्हटलं तर वाऱ्याला कोणी पाठवत नाही, ते कुणाच्याच हातात नसतं. बोट अधू होती असं म्हटलं तर तिने तुला अधू बोटीत पाठवलं, आणि मला सगळं माहीत असताना मी वणीला पेढे खात होतो. मग ती तुझ्यावरही रागावेल, माझ्यावरही, आणि शेवटी फक्त स्वतःवर. उरलेलं आयुष्य तिला ते ओढत न्यावं लागेल. खरं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, अशोक. तुझं नाक कापायची ती एकच संधी होती मला.

"उरलेले आहेत ते," मी म्हणालो. "जास्तीचे."

"म्हणजे बोट चांगली होती?"

"चांगली होती. वारा आला."

तिने ताडपत्री सोडली. खाली बसली आणि मोकळेपणी रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. नंतर नळावर तोंड धुतलं, रंगनाथच्या बायकोने दिलेली भाकरी अर्धी खाल्ली. गाडीत बसताना म्हणाली, "मग ती विकायची नाही. प्रज्ञा म्हणते, मी रीतसर क्लास लावून शिकेन आणि बाबांची बोट चालवेन. मी तिला नकोच म्हणत होते. पण तू चांगली म्हणालास म्हणजे चांगलीच असणार." प्रज्ञाने मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बघितलंस काय केलंस तू? नोकरीत मी न तपासलेल्या कामावर कधी शिक्का मारला नाही. तुझी बोट मी तपासली, नापास केली, आणि तिने माणूस मारल्यावर पास केली. आणि त्या शिक्क्याच्या भरवशावर आता तुझी पोर तिच्यात बसणार. घरी आल्यावर मी तुझ्या फोटोसमोर उभा राहून तुला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

म्हणून आज पुन्हा शेडमध्ये आलो. वंदनाला सांगितलं, बोट धुवायला जातो. रंगनाथ आणि त्याचा गडी, दोघांना हाताशी घेतलं. ताडपत्री काढली आणि एकेक ठोकळा आत द्यायला लागलो. रंगनाथने चार ठोकळे आत दिले. मग म्हणाला, "सायेब, हे जास्तीचे हायेत म्हनले व्हते ना तुमी ताईंना?"

"हो."

"मंग आत कशाला?"

"उचल," मी म्हणालो. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं. त्याने टोपी काढून घाम पुसला, आणि मग शेवटपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, आणि पुढेही बोलणार नाही.

ठोकळे अंगाला अंग लावून बसवले, फटींत पाचरी मारल्या, वरून लोखंडी पट्ट्या टाकून बोल्ट कसले. कंबर मोडून आली. प्रत्येक ठोकळ्याला मी तुला शिवी घातली. प्रत्येक ठोकळ्याला तुझी आठवण आली. तू असतास तर हेच काम करताना काहीतरी वाह्यात बोलला असतास आणि रंगनाथचा गडी हसून हसून जमिनीवर लोळला असता. मला हसवणारं आता कोणी उरलं नाही. हे सांगतानाही मला तुझाच राग येतोय.

उन्हं कलायच्या आत काम संपलं. ट्रॅक्टरने बोट पाण्यात उतरवली. ती थोडी खाली बसली, काठाच्या गाळाला लागली नाही. मी पाण्यात शिरलो, दोरी धरली आणि ओढली. जोर लावावा लागला. सोडली, तर बोट झटक्यात सरळ उभी. पुन्हा ओढली, पुन्हा सरळ. रंगनाथने ओढली, त्याच्या गड्याने ओढली. दर वेळी सरळ.

एवढंच होतं रे, अशोक. एका दुपारचं काम होतं.